आप्पांचा कवितांचा दौरा

सुरतच्या उधन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये राहणारे भास्करआप्पा कवितेशिवाय जिना चढत नाहीत. पहिल्या मजल्यावर वीररस, दुसऱ्यावर निसर्ग आणि तिसऱ्यावर धाप लागली की करुणरस. धाप खरी असल्यामुळे करुणरस फार चांगला जमतो.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. अख्खं आयुष्य साडीमार्केटात पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडण्यात गेलं. निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांनी जाहीर केलं, "आता दौरा! जुन्या मराठी कविता, सगळ्या तोंडपाठ. पेटी नही, तबला नही. मी एकटा."

"कुठे कुठे?" मी विचारलं.

"नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. एकच रेल्वेलाइन. उतराचं, म्हनाचं, पुढची गाडी पकडाची. दौरा म्हंजे दौरा, भाऊ!"

मग दोन वर्षं नुसती तयारी चालली. झब्बा कुठला, मध्यंतरात चहा की सरबत. नवापूरच्या भाच्याने घरच्या लग्नात हळद आणि जेवण यांच्यामधली वेळ देऊ केली, तेव्हा आप्पांनी फोनच ठेवला. "लोकायचं लक्ष जिलबीकडे, आन् मी काय पंगतीत वाढाले उभा राहू?" नवापूर दौऱ्यातून बाद झालं.

रंगीत तालीम आमच्या पार्किंगमध्ये झाली. आप्पा न अडखळता तासभर बोलले. आवाज खणखणीत, पण हात जुन्या सवयीचे. रणांगण आलं की दोन्ही हातांनी पदर पसरायचे, चांदणं आलं की बोटांनी पोत चाचपायचे. तळमजल्यावरचे जयेशभाई शेवटपर्यंत मन लावून बसले आणि म्हणाले, "बहु सरस! पण साडी क्यां छे?"

"साडी कुठाय!" म्हणत आप्पाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

अखेर नंदुरबारच्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाने बोलावलं. बॅग धरायला मी बरोबर गेलो. पंचवीस-तीस म्हातारी माणसं, दोन पंखे, एक माइक. आप्पा रंगले होते. आणि एका कवितेत, ऐन मध्यावर, थांबले. ही कविता तर ते झोपेतही म्हणतील! सभागृहात चुळबूळ सुरू झाली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एका आजीबाईंचा बारीक आवाज आला. त्यांनी पुढची ओळ म्हटली आणि वर म्हणाल्या, "म्हना ना आप्पा पुढे!"

आप्पा लगेच पुढे गेले नाहीत. हात जोडून म्हणाले, "माय, अजून एकदा म्हना."

परतीच्या गाडीत मी समजूत घालायला लागलो. "होतं असं, आप्पा. वयाने विसरायला होतं."

"इसरलो नव्हतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "थांबलो होतो." मग खिडकीची काच खाली ओढली. "घरी बी मुद्दाम थांबायचो. तुह्या काकू आतून, भाकरी थापता थापता, पुढची ओळ द्यायच्या. त्या गेल्या, तशी कोनी दिली नही. पोराले मराठी समजते, कविता नही समजत. म्हटलं, फिरून पाहू. कोनाकडे तरी असंन."

त्या माणसाला मी दोन वर्षं झब्ब्याचे रंग सुचवत होतो.

पुढच्या महिन्यात दोंडाईचा. शाळेचा हॉल, मोजकीच माणसं, त्यातली निम्मी मोबाइलवर. आप्पा त्याच कवितेत थांबले. कुणीच काही बोललं नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग दाराकडे. पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मला राहवेना. मागच्या खुर्चीवरून मी उठलो आणि आठवली तशी ओळ म्हटली. म्हणतानाच कळलं, चुकली. मधला एक शब्द माझ्या पदरचा होता.

आप्पांनी मान डोलावली. ती ओळ माझ्या चुकीसकट, जशीच्या तशी, खणखणीत आवाजात म्हटली आणि कविता पुढे नेली.