नीलकंठाचा पंचनामा

गावंडे काकांनी माझी पहिली सही घेतली ती एका बुलबुलाच्या कागदावर.

अमरावतीतल्या या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात किरकोळ अंगाचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला तान्ह्या लेकराएवढी लेन्स, हातात पॅड आणि पेन.

"मॅडम, आता तुमच्या गॅलरीत बुलबुल बसला होता. पायला का?"

"पाहिला."

"मंग करा सही. हितं. साक्षीदार नंबर दोन."

साक्षीदार नंबर एक त्यांची बायको होती आणि तिनं ती सही जन्मठेपेच्या कैद्यासारखी केलेली दिसत होती. मी शाळेत गणित शिकवते. न वाचता सही करण्यातली मी नव्हे. वाचलं. 'सदर पक्षी हा पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस वाळत घातलेली चादर, दक्षिणेस कुंडी व उत्तरेस मॅडमचा कूलर या चतुःसीमेत, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, स्वखुशीने बसलेला आढळून आला.'

स्वखुशीने! केली बाई सही. काय करता?

काका रिटायर तलाठी. उभा जन्म सातबारे आणि फेरफार लिहिण्यात गेला, तो निवृत्तीनंतर कुठं जाणार? पोरगा परदेशात गेला, वेळ खायला उठला, तेव्हा काकांनी कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांचं दप्तर उघडलं. चिमण्या त्यांच्या लेखी 'मूळ मालक', पारवे 'अतिक्रमणधारक' आणि कावळ्याच्या घरट्यात अंडं घालणारी कोकिळा म्हणजे 'बेकायदेशीर कब्जा'. फोटो काढला की पंचनामा झालाच पाहिजे.

"अहो काका, फोटो आहे ना? मग कागद कशाला?"

"फोटोचं काय सांगता जी! आजकाल त कॉम्प्युटरच जगात नसलेल्या पक्ष्याचा बी फोटो काढून देते. कागद असला म्हंजे कोनाची माय व्याली, नाही म्हनाची?"

आता त्या लेन्सविषयी. ती कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हे, दुसऱ्याच कंपनीची. म्हणून तर पेन्शनीत बसली. काका तिला 'सावत्र' म्हणतात. "सख्खी घ्याची म्हनलं त वावर इका लागते मॅडम. सावत्र हाय, पन गुनाची हाय. फक्त ऊन पायजे तिले. ढग आला का फुगून बसते. अन् झूम पार सहाशेलोक ताणली का मंग जरा धुरकट दाखवते. पाचशेवर ठेवा, गुमान काम करते." सुनेविषयीसुद्धा लोक एवढ्या समजुतीनं बोलत नाहीत.

ही दोन किलोची धोंड काका हातात धरूनच वापरतात. पोरानं प्रेमानं तिपाई पाठवली होती. काकूंनी तिला स्वयंपाकघरात उभी केली आणि श्रीखंडासाठी दह्याचं गाठोडं तिला टांगलं. काका म्हणाले, चांगलं झालं. "तिपाई मांडेलोक पक्षी फेरफार करून मोकळा होते. आपून त्याच्या दारी गेलो त आपले हातच कामी येतात."

हात कामी यावेत म्हणून रोज सकाळी तालीम. दोन किलो तुरीच्या डाळीची पिशवी डाव्या तळव्यावर, कोपर बरगडीत रुतवलेलं, एक डोळा मिटलेला, आणि अर्धा श्वास सोडून उरलेला रोखून धरलेला. काकूंना वरण लावायचं असलं की आधी काकांचा व्यायाम संपायची वाट बघावी लागते.

श्वास रोखण्याची ही हुक्की काकांना कुठंही येते. एकदा मी सोबत असताना भाजीबाजारात त्यांना ताडपत्रीच्या बांबूवर मैना दिसली. कॅमेरा घरी. काकांनी समोरचा दुधी भोपळा उचलला, तळव्यावर घेतला, डोळ्याला लावला आणि खांबासारखे उभे राहिले. भाजीवाली आधी म्हणाली, "काका, घ्याचा हाय का नेम धरून राहिले?" उत्तर नाही. चेहरा लाल झालेला, डोळा मिटलेला. "अवं माय, काकाले झटका आला वं!" म्हणून तिनं कोथिंबिरीवर शिंपडायचा पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडावर रिकामा केला. मैना उडाली. काकांनी दुधी खाली ठेवला आणि मलाच झापलं, "पायलं? शांततेचा भंग झाला."

असा हा माणूस. त्याला घरातलं कुणी गंभीरपणे घेत असेल असं मला वाटायचं नाही. मी तर नक्कीच घेत नव्हते.

परवाच्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. पॅड नव्हतं, हेच मला आधी खटकलं.

"मॅडम, उद्या तुमची गाडी येईन का? पहिले नांदगाव खंडेश्वरच्या बाजूले आमच्या वावरात, अन् तिथून अकोल्याले."

"अकोल्याला कोण?"

काकांनी चपलेकडे बघत सांगितलं, "दादा हाय माहा. जठारपेठेत, पोराच्या घरी."

चार वर्षांत या माणसाला भाऊ आहे हे मला माहीतच नव्हतं. मग हळूहळू सगळं निघालं. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ पक्षी दिसणं शुभ मानतात. बरेच जण दिसला तर दिसला म्हणतात. काकांच्या दादांचं तसं नाही. लहानपणापासून दसऱ्याच्या दिवशी नीलकंठ पाहिल्याशिवाय ते तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. एकही दसरा चुकला नाही. उन्हाळ्यात ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. वहिनींचा काकूंना फोन आला होता: हे उद्या पाणीसुद्धा घेणार नाहीत, गोळ्या घेणार नाहीत, आणि कुणाचं ऐकणार नाहीत. भाऊजींकडे कॅमेरा आहे म्हणतात, काही होतं का बघा.

"मग जायलाच पाहिजे की! इतकं काय विचारता?"

"अकरा वर्स झाले मॅडम, आमी बोलत नाही."

कारण? धुरा. दोघांच्या वावरामधला बांध. दादांनी नांगरताना दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, इकडं घेतले, असं काकांना वाटलं. कुणीही घरी जाऊन चार शिव्या दिल्या असत्या, चार खाल्ल्या असत्या आणि चहा पिऊन परत आला असता. पण काका पडले तलाठी. त्यांनी मोजणीचा अर्ज केला. सख्ख्या भावाच्या दारात सरकारी नोटीस जाऊन पडली. दादांनी ती चारचौघांत वाचून घेतली आणि एवढंच म्हणाले, "लहान्याले घरचा रस्ता ठाऊक नव्हता काय?" त्या दिवसापासून बोलणं बंद. मोजणीत काका बरोबर निघाले, हे त्यांनी मला सांगितलं. पण सांगताना त्यांचा आवाज हरल्यासारखा होता.

सकाळी सहाला निघालो. मी थर्मासमध्ये चहा घेतला होता. काकांनी नको म्हटलं. "चहानं हात हालते." बिस्किटही नको. ते कशानं हालतं, ते मी विचारलं नाही.

वावरात पोचलो तर आभाळ भरून आलेलं. सावत्रबाई फुगणार हे मलासुद्धा कळलं. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर कमरेएवढी उभी होती. मधोमध धुरा, धुऱ्यावर एक बाभूळ आणि वरून आडवी गेलेली विजेची तार. "बाभळीच्या इकडं माह्यं, तिकडं दादाचं," काकांनी हद्द दाखवली. मग आम्ही बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. कोतवाल पक्षी आले, वेडे राघू आले, एरवी ज्यांचे काकांनी चार-चार पंचनामे केले असते असे कोण कोण आले. काका तारेकडं बघत राहिले.

अकराच्या सुमारास तो आला. बाभळीच्या अलीकडं, बरोब्बर काकांच्या तुरीवरून गेलेल्या तारेवर बसला. छाती मळकट, मान आखडलेली. बसलेला असताना नीलकंठ तसा काही खास दिसत नाही. काकांनी लेन्स उचलली. कोपर बरगडीत, अर्धा श्वास बाहेर. आणि मी पाहिलं, त्यांचे हात थरथरत होते. डाळीच्या पिशवीनं कधी न थरथरलेले हात. लेन्स घरघरली, पुढं गेली, मागं आली, आणि ती ठरवते तोवर पक्ष्यानं खाली झेप घेतली. पंख उघडले. काय तो निळा रंग! मी चक्क ओरडले. खटखटखट आवाज झाला आणि संपलं.

अकरा फोटो. अकराही हाललेले. राखाडी आभाळात एक निळा फराटा, बस.

आम्ही आणखी थांबलो. नीलकंठ काही परतला नाही. फोन मात्र आला, वहिनींचा. "भाऊजी, यायनं अजून पानी नाही घेतलं वो. ओठ सुकून गेले." काकांनी फोन ठेवला आणि मातीतच बसले.

मी म्हटलं, "काका, कार्डात मागच्या वर्षीचा आहे ना? तुम्हीच दाखवला होता, स्वच्छ, पीसन् पीस दिसतंय. तोच दाखवा. त्यांना काय कळणार?"

काका ताडकन उठले. "मॅडम! चौतीस वर्स नोंदी लिवल्या. मागच्या तारखेची नोंद कदी केली नाही. भल्याभल्यायनं दबाव आनला. माह्या बापानं म्हनलं तरी केली नसती. अन् दादाले मी शिळा पक्षी दाखवू?"

मला राग आला. तिकडं म्हातारा उपाशी आणि इकडं याचं दप्तर. रागारागातच गाडी काढली. मूर्तिजापूर मागं पडलं तरी तो उतरला नव्हता.

जठारपेठेत पोचायला दोन वाजले. दादा खाटेवर उशीला टेकून बसले होते. काकांचंच तोंड, फक्त जास्त वाळलेलं आणि जास्त हट्टी. त्यांनी काकांकडं पाहिलं, मग भिंतीकडं. वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. कुणी बसा म्हणेना.

काका पुढं झाले आणि कॅमेऱ्याची पाठ दादांपुढं धरली. दादांनी डोळे बारीक केले, मान मागं घेतली, पुढं आणली.

"काय हाय हे?"

"नीलकंठ."

"मले त काहीच दिसून नाही राह्यलं."

"हात हालला, दादा."

मला वाटलं, गेलं सगळं मुसळ केरात. दादा भिंतीकडं बघत म्हणाले, "मंग तू सांग ना. कसा होता?"

आणि काका सांगायला लागले. आधी सवयीप्रमाणं चतुःसीमा, मग तेही विसरले. कसा आला, कसा बसला, मान कशी वळवली, किडा कसा दिसला असेल, पंख उघडल्यावर काय निळं निघालं. दादा डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं,

"कोनत्या वावरात?"

"आपल्याच."

"धुऱ्याच्या कोन्या बाजून?"

मी तिथं होते. पक्षी कुठं बसला होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग दादांकडं.

"तुह्या बाजून, दादा."

दादांनी डोळे उघडले. लहान भावाकडं बराच वेळ पाहिलं. त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, नीलकंठाला लावतात तसे.

"झालं दर्शन," ते म्हणाले, आणि दाराकडं वळून वहिनींना हाक दिली, "पानी आन. दोन गिलास आन. हा बी सकायपासून तसाच असन."