तिसऱ्या पानावरची चौकट

संपादकाची थोरवी तो गेल्याशिवाय कळत नाही, कारण तोवर आपली एखादी कविता त्याच्याकडे अडकलेली असते. देऊळघाटचे माणिकराव गेल्या महिन्यात गेले, आणि 'उफणणी' या त्यांच्या त्रैमासिकाने जिल्ह्यावर केवढे उपकार केले ते आम्हां साहित्यिकांना एकदमच आठवले. स्मृती-अंकासाठी समिती नेमली गेली. कार्याध्यक्षपदासाठी माझे नाव एकमताने मंजूर झाले (सूचक मीच होतो).

अंकासाठी सदतीस लेख आले. पैकी एकतीस लेखांचे शीर्षक 'माणिकराव आणि मी', उरलेल्या सहांचे 'मी आणि माणिकराव'. माझ्या लेखात माणिकराव चार वेळा येतात आणि मी अठ्ठावन्न वेळा. हे प्रमाण समितीला संयमित वाटले.

माणिकरावांच्या कारकिर्दीचे अभ्यासक दोन कालखंड मानतात (अभ्यासकही मीच). पहिली पंचवीस वर्षे ते बहुतेक कविता परत पाठवत. शेवटच्या पाच वर्षांत मात्र त्यांनी आलेली प्रत्येक कविता छापली. याला आम्ही त्यांची प्रगल्भता म्हणत होतो. याच काळात माझ्या एका कवितेच्या ओळी उलटसुलट छापल्या गेल्या आणि तिला पुरस्कार मिळाला. सरळ क्रमात ती त्यांनी दोनदा नाकारली होती.

'उफणणी' वाचण्याची आमची पद्धत ठरलेली आहे. वेष्टन फाडायचे, अनुक्रमणिकेत आपले नाव शोधायचे, तेवढे पान दोनदा वाचायचे, बायकोला दाखवायचे आणि अंक कपाटात ठेवायचा. बाकीची पाने कोरी करकरीत राहतात, ही मोठीच सोय.

फोटो मागायला समिती देऊळघाटला गेली, तेव्हा माणिकरावांच्या पत्नी सिंधूताईंनी शेवटचा अंक माझ्यापुढे ठेवला.

"तिसऱ्या पानावर चौकट हाये म्हनत होते. वाचून दाखवा बरं. मले वाचता येत नाई."

मी वाचले : 'माझी नजर गेली आहे. आलेले लेखन आणि मुद्रिते वाचून दाखवायला आठवड्यातून एक दिवस कोणीतरी यावे. चहा मिळेल.'

"वीस अंकांत हेच देलं त्याईनं," सिंधूताई म्हणाल्या. "फाटक वाजलं का मले म्हनत, पाह्य वं, कोनी आलं काय. काऊन नाई आलं हो कोनी?"

मी राहतो ते बुलढाणा तिथून अर्ध्या तासावर आहे, आणि ते वीसही अंक माझ्या कपाटात आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी फोटो मी मागून घेतलाच.

झाल्या प्रकाराबद्दल समितीने खेद व्यक्त केला असून माझा हा दुसरा लेखही स्मृती-अंकात घेण्याचे ठरवले आहे. आपण तो इथवर वाचत आलात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आपले नाव यात कुठेही आलेले नाही. आता ते ज्या पानावर असेल, तिकडे जायला हरकत नाही.