शेषेरावमामांचा बर्फोबा

आमच्या परळीत बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी: रसवंतीवर आणि फ्रिजच्या वरच्या खणात. तरीही आमच्या गल्लीतल्या एकूण एक बाईच्या कपाटात बर्फाशी नातं सांगणारं काहीतरी आहे, आणि कलावतीबाईंकडच्या बर्फाच्या माणसानं तर डोक्याला फेटा बांधलाय. ही सगळी शेषेरावमामांची करणी.

मामा माझे शेजारी. नात्यानं कुणाचेच मामा नव्हेत, पण गल्ली त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, मामी. मामांची सगळी नोकरी थर्मल वीजकेंद्राच्या बॉयलरवर गेली. इतकी वर्षं आगीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? कुणी शेत बघतं, कुणी पारावर बसून सरकार पाडतं. मामांनी कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरीची मशीन आणली. गल्लीतल्या बायका खूश झाल्या. आता ब्लाउजवर मोर येतील, कोयऱ्या येतील. मामांनी इंटरनेटवरून उतरवून घेतली ती परदेशी हिवाळ्याची चित्रं. मफलर गुंडाळलेला बर्फाचा माणूस, टोपी घातलेलं अस्वल, बिनबोटाचे हातमोजे, स्केटिंग करणारा ससा.

"मामा, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" मी एकदा विचारलं.

"पडत न्हाई म्हणूनच भरावा लागतो, मास्तरीणबाई," मामा म्हणाले आणि सुईत पांढरा दोरा ओवायला लागले.

चित्रांची बारशी त्यांनीच केली. बर्फाचा माणूस तो बर्फोबा. पेंग्विन म्हणजे वकीलसाहेब. संक्रांतीला आम्ही बायका काळ्या साड्या नेसतो, म्हणून या वकीलसाहेबांवर त्यांचा विशेष जीव. "ह्यो बगा, जन्मतःच संक्रांतीची तयारी करून आलेला पक्षी," असं ते मोठ्या कौतुकानं सांगत.

मशीन चालवायची ती बॉयलरसारखीच. सकाळी आठाला ‘फर्स्ट शिफ्ट’. कानात कापूस. दोरा तुटला की आत ओरडायचं, "युनिट ट्रिप झालं!" मग मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "लोड लई घेतला आसंल तुमी?" दोरा पुन्हा ओवून मशीन खडखडू लागली की मामा हाक देत, "घेतलं युनिट लायनीवर!" रस्त्यानं जाणाऱ्या नव्या माणसाला वाटावं, परळीची वीज याच घरातून निघते.

हे सगळं उत्पादन संक्रांतीच्या वाणासाठी. दर वर्षी मामींच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला एक हातरुमाल मिळे. वर चित्र, खाली जिचं तिचं नाव. रुमाल नुसता बघायचा, वापरायचा नाही. कारण मामा चित्राच्या खाली फोम घालून वरून इतकं दाट भरत, की बर्फोबा रुमालावर सुजल्यासारखा दिसे. कलावतीबाईंनी एकदा त्यानं नाक पुसलं, तर बर्फोबाचं गाजराचं नाक त्यांना टोचलं.

"मामा, जरा पातळ भरा की," त्या म्हणाल्या.

"पातळ जमत न्हाई."

"कावून?"

"पातळ जमत न्हाई म्हणलं ना."

एवढा मवाळ माणूस, पण या बाबतीत फार हट्टी. मी सलग दोन वर्षं वकीलसाहेबांचीच धनीण. तिसऱ्या वर्षी म्हटलं, "मामा, मला ससा द्या."

"ससा देशपांडेवैनीचा हाय. तुमचे वकीलसाहेब. बदलायचं न्हाई." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि नुकत्याच भरलेल्या चित्रावरून अंगठा फिरवला. प्रत्येक रुमालाची ते अशीच तपासणी करत. मला वाटे, जुन्या कामाची सवय असेल, पाइपाला हात लावून ताप ओळखण्याची.

यंदाच्या हळदीकुंकवाला आम्ही दहा-बाराजणी जमलो. मामी नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर रुमालांचं ताट घेऊन बसल्या होत्या. आम्ही एकेक जणी जायचो, "मामी, तिळगूळ घ्या" म्हणायचो आणि वाकायचो. मामी हनुवटीला हात लावून हळदीकुंकू लावत, ताटात बोटं फिरवत आणि रुमाल काढून देत. "ये वैशाली, हे तुजे वकीलसाहेब." "कलावती, गुडघा कसा हाय?" सगळं अगदी सुरळीत. मामा रिवाजाप्रमाणं पडद्याच्या आत, स्वयंपाकघरात.

समोरच्या घरात नव्यानं आलेली सून कोमल पहिल्यांदाच आली होती. आष्टीकडची पोर, फार लाजरी. तिची पाळी आली तेव्हा ती पुढं झाली, पण बोलली काही नाही आणि वाकलीही नाही. नुसती उभी राहिली. पैंजणांच्या आवाजावर मामींनी मान वर केली, कुंकवाचं बोट उचललं, आणि कोमलपासून वीतभर दूर, हवेतच कुंकू लावलं.

मामींचं बोट तसंच वर राहिलं. मग ते आणखी थोडं पुढं गेलं, डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं.

पडदा सरकला आणि मामा बाहेर आले. "चष्म्याचा नंबर बदललाय तिचा," ते घाईघाईनं म्हणाले. "नवा करायला टाकलाय. उद्या..."

"राहू द्या," मामी म्हणाल्या. "किती झाकाल?" आणि आमच्याकडं तोंड करून म्हणाल्या, "दिसत न्हाई गं बायांनो मला. उजेड-अंधार तेवढा कळतो. साखरेनं नेले डोळे. अंबाजोगाईच्या दवाखान्यात लई चकरा केल्या, पन आता काई व्हत न्हाई म्हणले डाक्टर. दोन वर्सं झाली."

दोन वर्षं! मी भिंतीपलीकडं राहते. रोज बोलते. मला पत्ता नव्हता.

मामा खाली मान घालून उभे होते. "पुण्याला पोराला कळलं की तो घेऊन जाईल," ते म्हणाले. "त्याचं बी चुकत न्हाई. पन तिथं ही कुणाला वळखनार? हितं समदी गल्ली तिला आवाजावरनं ठाव हाय. आवाजानं मानूस कळतं, वाणाचं कसं कळावं? एकीचं नाव दुसरीच्या हातात गेलं की झालं. मग म्हणलं, चित्रं दाट भरू. चोचीवरनं वकील कळतो, कानावरनं ससा. घरची मालकीण हाय ती. तिच्या हातानंच दिलं पायजे."

कलावतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात कोमल खाली बसली. तिनं मामींचं बोट धरलं, करंड्यात बुडवलं आणि आपल्या कपाळावर नेऊन टेकवलं.

"मी कोमल, मामी. समोरच्या घरातली."

मामींनी हात काढून घेतला नाही. कपाळावरून भुवईवर, भुवईवरून नाकावर आणि गालावर नेला. "मोरणी घातलीस व्हय? हसतीस पन तू. खळी पडती की गं!" आणि मग एकदम आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "कळलंच हाय आता, तर समद्याजनी तोंडं दावा. दोन वर्सांत कुनाचं बगितलं न्हाई."

आम्ही पुन्हा रांग लावली. मामी एकेकीचा चेहरा चाचपत होत्या. "कलावती, वाळलीस." "वैशाली, कपाळाला आठी पडलीय. शाळेत लई रागावतीस का?" खोलीत हसू आलं, रडूही आलं. देशपांडेवहिनी म्हणाल्या, "मामी, पोराला सांगा, आम्ही बाराजणी आहोत इथं." मामी नुसत्या मान हलवत होत्या.

सगळ्या झाल्यावर त्यांनी हाक मारली, "आवं, तुमी बी या."

मामा बायकांच्यात यायला संकोचले. "मी रोजचाच हाय की."

"रोजचे कुठं? दोन वर्सं नुसता आवाज ऐकतीया तुमचा. युनिट ट्रिप, युनिट चालू. तोंड कुठं बगितलंय?"

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आम्ही बाजूला सरून वाट दिली, आणि ते मामींच्या पुढ्यात, जमिनीवर मांडी घालून बसले.