कपाळापर्यंत आलेली नात

निवृत्त प्लंबर आजोबांना नातीचं कपाळ एव्हाना पाठ झालं होतं. त्याखालची नात मात्र काही केल्या येत नव्हती.

नात तीन महिन्यांची, अजून एकदाही न पाहिलेली. "यायला सवडच नाही हो बाबा, फोटो पाठवते," असं लेक प्रत्येक फोनवर म्हणायची. आजोबांचा जीव नातीत अडकलेला आणि गुडघे प्रवासाचं नाव काढू देत नव्हते. म्हणून त्यांनी टेलिफोनच्या तारेला कॉम्प्युटर जोडून घेतला होता. मॉडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा आणि गप्प व्हायचा. मग पडद्यावर वरून खाली फोटो उतरू लागायचा. टोपडं यायचं, कपाळ यायचं, आणि भुवई दिसणार तोच सगळं ठप्प. पुन्हा जोडलं की पुन्हा टोपड्यापासून सुरुवात.

"पाइप एकच आहे," आजोबांनी आजीला समजावलं. "खाली कोणी नळ सोडला की वर पाणी चढत नाही, तसंच हे. मध्येच कोणाचा तरी फोन घुसत असणार."

"एकालाही घुसू देत नाही, बघाच तुम्ही," असं म्हणून आजी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनपाशी जाऊन बसली.

टोपडं आलं. कपाळ आलं. ठप्प.

"गेलं गं."

"असं कसं जाईल? मी इथं डोळ्यांत तेल घालून बसलेय."

आजोबांनी अख्खी तार हातानं चाचपली, सांध्यांवर टेप गुंडाळली. गळती कुठेच सापडेना. आयुष्यभर लोकांच्या भिंतींतलं पाणी शोधून काढणारा माणूस, पण इथं त्याची मती गुंग झाली.

"नाक माझ्यावर गेलंय का, तेवढं तरी सांगा," आजी आतून म्हणाली.

"नाक आलेलंच नाही अजून."

संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात लेक उभी होती, केस विस्कटलेले, खांद्यावर नात.

"सकाळपासून फोन एंगेज! मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. मिळेल ती टॅक्सी धरून आले."

आजी रिसीव्हर हातात घेऊनच बाहेर डोकावली.

"आई, हा कशाला उचललास?"

"मॉडेम गप्प झाला की रोज उचलून धरते. म्हणजे कोणाचा फोन येत नाही."

"अगं, लाइन एकच आहे. तू उचललास की बाबांचं इंटरनेट तुटतं."

"म्हणजे नळ तूच सोडत होतीस," आजोबा म्हणाले. पण त्यांना रागवायलाही सवड नव्हती, कारण नात मांडीवर आली होती, कपाळासकट आणि भुवयांसकट. नाक थेट जावयाचं होतं. दोघांनी तो विषय तिथेच मिटवला.

पुढच्या रविवारी आजीला स्वयंपाकघरातला रिसीव्हर पुन्हा काढून ठेवलेला दिसला. कॉम्प्युटर तर बंद होता.

"अहो, हा कोणी काढला?"

आजोबा दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते.

"असू दे तसाच," ते म्हणाले. "प्रेशर बघतोय."