मालतीबाईंची गोगलगाय

परचुरे सरांच्या घरी चकल्या द्यायच्या म्हणजे उत्तरं तयार ठेवून वर जावं लागतं. कुठल्या? कधी केल्या? कोणी? सगळं लिहून घेऊन ते डब्यावर चिठ्ठी चिकटवतात. आमचा डबा परत आला तेव्हा त्यावर सुवाच्य अक्षरात होतं : 'चकली. नारायण पेठ, दुसरा मजला. पाच नमुने, पैकी एक मोडका.'

मोडकी चकली आमच्या हिने मुद्दाम तळाशी ठेवली होती.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्म गेला गोगलगायींची वर्गवारी करण्यात, आणि त्या तावडीतून माणसंही सुटत नाहीत. सोसायटीचे नवे चेअरमन निवडून आले तेव्हा मी म्हटलं, "हे जरा वेगळे वाटतात हो." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रजाती जुनीच आहे. फक्त शर्ट नवा." गच्चीवर भूत दिसतं असं कोणी सांगितलं, की सर एवढंच विचारतात, "नमुना आहे?"

तीसेक वर्षांपूर्वी कात्रजच्या घाटात त्यांना नखाएवढी गोगलगाय सापडली. तशी कुठे नोंद नव्हती, म्हणून नाव ठेवायचा मान सरांचा. लॅटिन नावात त्यांनी बायकोचं नाव गुंफलं. "लोकांच्या बायकांना पैठणी मिळते, मला गोगलगाय," असं मालतीबाई येईल त्याला ऐकवायच्या, आणि ऐकवताना लाजायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. नाव मागे राहिलं ते त्या गोगलगायीलाच.

गेल्या महिन्यात सरांनी मला वर बोलावलं. ईमेलला फाइल जोडता येत नव्हती. जोडता जोडता मी ती वाचली. परदेशातल्या एका संग्रहालयाने जुन्या शंखांचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. त्यात हीच गोगलगाय होती, फार पूर्वी दुसऱ्याच कोणी नाव देऊन ठेवलेली. त्यांच्या शास्त्रात पहिलं नाव खरं, नंतरचं रद्द. आणि मालतीबाईंचं नाव रद्द करावं, असा लेख खुद्द सरांनीच एका शास्त्रीय नियतकालिकासाठी लिहिला होता.

"सर, हे आणखी कोणाच्या लक्षात आलंय?"

"नाही. या गोगलगायींकडे आता बघतं कोण?"

"मग राहू द्या ना."

"ते शंख मालतीने धुतले, मोजले. स्वयंपाकाच्या ओट्यावर. तिच्या मापात केसाएवढीही चूक नाही. जुने लेख नीट पाहिले नाहीत ते मी. माझी चूक तिच्या नावाने कशाला चालवायची?"

मी फाइल जोडून दिली.

"पाठवू?"

"थांबा. मी दाबतो." त्यांनी बोट ठेवलं. "गेलं?"

"गेलं."

चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनजवळ वाकले.

"परत मागवता येतं का हो?"

"नाही, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. "मागवलं असतं."