शिर्के सरांचं शेवटचं प्रकरण

सन २०१९. माझं वय एकोणसत्तर, आणि त्या वयात एका माणसाने सकाळी सकाळी माझा बाप काढला.

"नमस्कार, सखाराम धोंडू!"

आमच्या मिरजोळ्यात बाप काढला की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी गवंडी माणूस. अंगणाच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, ढासळलेला कोपरा बांधत होतो, तो हातात थापी घेऊनच वळलो. समोर नवे शेजारी, कॉलेजातून निवृत्त झालेले शिर्के सर, एकटेच राहायला आलेले. मे महिना, माझ्या अंगातून धारा, आणि या गृहस्थांच्या डोक्याला माकडटोपी.

"रागावू नका," ते म्हणाले. "रशियात माणसाला मान द्यायचा तर नावाला बापाचं नाव जोडून हाक मारतात."

"हे मिरजोळं आहे," मी म्हटलं.

"प्रश्न खोल आहे," असं म्हणून ते आत गेले.

हे त्यांचं पालुपद. नळाला पाणी आलं का विचारा, प्रश्न खोल आहे. मीठ आहे का विचारा, प्रश्न खोल आहे. एकदा मी म्हटलं, "सर, विहिरीबद्दल विचारलं तर म्हणा खोल. मी मीठ मागतोय." तेव्हा कुठे वाटी आली. साखर निघाली ती गोष्ट वेगळी.

सरांचं सगळं आयुष्य रशियन कादंबऱ्यांत गेलेलं. भाषासुद्धा घरी बसून शिकले. तिकडे बर्फ असतो, म्हणून वाचताना टोपी, मफलर आणि पंखा पाचावर. रशियन लोक म्हणे चहाबरोबर मुरवलेली फळं खातात, म्हणून हे बिनदुधाच्या चहाबरोबर आंब्याचा मुरांबा खायचे. मलाही दिला. चहा वाईट, मुरांबा बरा.

पण बापाच्या नावाची त्यांची सवय वाडीला हळूहळू आवडायला लागली. मासळीवाली सुलोचना आली तसं त्यांनी विचारलंच, "सुलोचना, वडिलांचं नाव काय?" ती गडबडली. लग्न झाल्यापासून तिला कोणी हे विचारलं नव्हतं. "पांडुरंग," म्हणाली. तेव्हापासून 'सुलोचना पांडुरंग' ऐकलं की सरांच्या वाट्यात एक बांगडा जास्त पडायचा. मला इतकी वर्षं कधी पडला नाही.

माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. तरी सर मला सगळं समजावायचे. एक टीकाकार म्हणतो, लेखक कसा जगला ते बघा, मग पुस्तक कळेल. दुसरा म्हणतो, लेखकाला विसरा, वाक्यं बघा. तिसरा म्हणतो, त्या वेळचे जमीनदार आणि त्यांची कुळं बघा.

मी म्हटलं, "म्हणजे घर बघायला तिघे आले. एकाला मालक बघायचाय, एकाला भिंतीचा चिरा, एकाला जमीन. राहून बघणारा कोण?"

"तो चौथा पंथ," सर म्हणाले. "त्यातही दोन गट आहेत."

या विषयावर सरांनी जाडजूड पुस्तक लिहीत आणलं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. "ऐकणारं कोणी भेटलं तर सुटेल, सखाराम धोंडू." एवढंच म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. शहरात भाषणासाठी खटपट केली, तिथे कोणाला वेळ नव्हता. मग मीच म्हटलं, "आमच्या देवळात करा भाषण. माणसं मी आणतो." आणि आणली. वाडीत माझा शब्द चालतो.

आता आमच्या देवळात काय होतं, तर गाऱ्हाणं. एकाने देवापुढे उभं राहून मागणं मागायचं आणि त्याचं वाक्य संपलं की बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. सर नेमके त्याच जागी उभे राहिले आणि प्रत्येक वाक्याला थांबायला लागले.

"माणूस आधी दुःखात उतरतो..."

मागून बाबल्या म्हातारा सवयीने म्हणाला, "होय म्हाराजा!"

सर दचकले. पुढे म्हणाले, "आणि दुःख भोगूनच त्याला जगण्याचा अर्थ सापडतो..."

"होय म्हाराजा!" आता सगळं देऊळ.

मी बाबल्याला कोपर मारलं. "मेल्या, भाषण हाय ता!"

"मग काय नाय म्हणू? देवळात?"

तासभर असंच चाललं. शेवटी टाळ्या, खोबरं, गूळ. माणसं खूश होऊन गेली. सर पायरीवर बसून राहिले होते.

मी म्हटलं, "जमलं की सर! एक माणूस 'नाही' म्हणाला नाही. आता उरकून टाका शेवटचं प्रकरण."

"तेच ना," सर म्हणाले. "कोणी 'नाही' म्हणालंच नाही."

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी बायको, कुमुद होती. लिहिलेलं पान मी तिला वाचून दाखवायचो. ती स्वयंपाकघरातूनच सांगायची, 'मला नाही पटलं,' की मला राग यायचा. त्या रागात पुढचं पान लिहून व्हायचं. सगळं पुस्तक असं झालं. शेवटच्या प्रकरणाच्या आधी ती गेली. आता मी वाचतो, आणि घरात कोणी काही बोलत नाही."

त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि तडक सरांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"सर, काल तुम्ही म्हणालात, दुःख भोगलं की अर्थ कळतो. मला नाही पटलं."

त्यांचा कप हातातच राहिला.

"माझा धाकटा भाऊ बोटीवर गेला तो परत आला नाही. आई मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची. तिला कसला अर्थ कळला? भात वाया गेला, एवढंच."

"पण ताट वाढत राहिली ना?" सरांचा आवाज चढला. "अहो, तोच तर..."

"मला तोंडी सांगू नका. लिहा आणि वाचून दाखवा. मी इथेच बसलोय," मी म्हटलं आणि भिंतीला पाठ टेकली. "आणि पटेल, असं समजू नका."