पाच खात्यांचे गंगारामभाऊ

गंगारामभाऊ मोबाईल सुपात ठेवतात. एक नाही, पाच. तांदूळ पाखडायचं बांबूचं सूप, त्यात ओळीनं मांडलेले पाच फोन. उमरठकडून येणारी सकाळची एसटी पोलादपूरला लागली की भाऊ सूप छातीशी धरून उतरतात आणि थेट माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बाकड्यावर बसतात. त्यांच्या वाडीवर रेंज नाही. माझ्याकडे वायफाय आहे आणि नाही म्हणायची सवय नाही.

पाचही फोनवर एकच खेळ. आपलं गाव वसवायचं, तटबंदी बांधायची, टोळीत सामील व्हायचं आणि दुसऱ्या टोळीच्या गावांवर चढाई करायची. आमच्या टोळीचं नाव 'सावित्रीकाठ', आणि म्होरक्या मी. वय पंचेचाळीस, घरात दोन मुली, तरी म्होरक्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लढाईत प्रत्येक खात्याला दोन चढाया मिळतात. म्हणजे बाकीच्यांना दोन आणि भाऊंना दहा. तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली. म्हणा. मीही वर्षभर तेच म्हणत होतो. भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी कुठं खेळतो? ती खेळतायत."

ती म्हणजे कोण, तेही सांगतो. एक खातं भाऊंचं स्वतःचं. बाकीची चार मुलाची, धाकट्या भावाची, भावजयीची आणि शेजारच्या बारक्याची. लॉकडाऊनमध्ये ही सगळी मुंबईहून वाडीवर येऊन अडकली होती. तेव्हा शाळेमागच्या टेकाडावर थोडीशी रेंज यायची. तिथं बसून त्यांनी हा खेळ सुरू केला आणि भाऊंनाही शिकवला. मग गाड्या सुरू झाल्या, सगळे परत गेले. पुढं कधीतरी नवे फोन घेतले आणि गणपतीत आले तेव्हा जुने भाऊंकडे टाकून गेले. त्यांच्या बंद घरांच्या किल्ल्याही भाऊंकडेच असतात. सणाला त्या घरांत दिवा लावायचा, पावसाआधी कौलं शाकारायची, हे काम वाडीत राहील त्याचं. भाऊंनी फोनचंही तसंच धरलं. या खेळात पंधरा दिवस गाव उघडलं नाही तर त्यात गवत उगवतं आणि टोळीतून नाव उडतं. भाऊंनी चार वर्षांत एकाही गावात गवत उगवू दिलेलं नाही.

बरं, खेळतात कसे? भावजयीच्या फोनला बोट लावत नाहीत. "मी थोरला दीर, बरं दिसत नाय," म्हणून माझ्याच दुकानातली रबरी टोकाची लेखणी वापरतात. तिला "सुमनबाय, जरा मागं व्हा" असं अदबीनं सांगतात. बारक्याला मात्र शिव्या. भावाचं गाव सगळ्यात भक्कम, कारण तो धाकटा म्हणे लहानपणापासून भित्रा.

भाऊंच्या मुलाचं, सुरेशचं खातं म्हणजे आमच्या टोळीच्या डोक्याला ताप. लढाई सुरू झाली रे झाली की सुरेश धावून जातो, सैन्य जमायच्या आधीच. हमखास आपटतो. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, फोन तुमच्या हातात आहे ना? मग थांबवा की त्याला."

"कसा थांबवू? सुरेश असाच हाय रे. जेवायला बसला तरी घाई. थांबला तर तो सुरेश कसला?"

गेल्या आठवड्यातल्या मोठ्या लढाईत आम्ही जिंकत आलो होतो. शेवटची चढाई सुरेशची होती. धावला, आपटला, आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी महाडहून इम्तियाज आला. त्याचे ट्रक चालतात, टोळीत माझ्या खालोखाल त्याचा मान. बाकड्यावर भाऊ सूप घेऊन बसलेलेच होते.

"भाऊ, तुमची इज्जत आहे," इम्तियाज म्हणाला, "पण चाळीस माणसांत एकटा माणूस दहा वेळा खेळतो, हा कुठला इन्साफ? एक माणूस, एक खातं. बाकीची चार काढा."

"फायद्यासाठी खेळत असतो तर काल हरलो असतो काय?" भाऊंनी आवाज चढवला. "वाडीतल्या पाच घरांची कौलं मी एकटा शाकारतो. तेव्हा नाय कोण बोलला, चार घरं पाड म्हणून."

इम्तियाज माझ्याकडे बघायला लागला. निकाल मी द्यायचा होता. मला वाटलं, युक्ती सुचली. सुरेशनं स्वतः आपलं खातं चालवलं तर प्रश्नच मिटतो, मग बाकीच्यांनाही तसंच विचारू. भाऊंकडून नंबर घेतला आणि दुकानाच्या मागं जाऊन फोन लावला.

"तो गेम अजून चालू आहे?" सुरेश हसला. "मी तर विसरलो पण. बाबांना सांगा, डिलीट करून टाका. आणि काका, यंदा गणपतीला सुट्टीचं काय जमत नाही, तेवढं पण सांगा ना."

पोरगा वाईट नाही. पण मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. 'तुझा तू सांग' म्हणायला हवं होतं, ते सुचेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता. तिथंही घाईच.

मी पुढं आलो. भाऊ सूप घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, "सुरेश म्हणाला, मला कामातून सवड नाही, माझ्या वतीनं बाबांनीच खेळावं."

भाऊंनी सुपातला सुरेशचा फोन सरळ केला. "वतीनं? असं आमचा सुरेश कधी बोलत नाय," ते हळूच म्हणाले. "असू दे. तू तुझा निकाल सांग."

मग मी निकाल सांगितला. पाचही खाती राहतील. हा अन्याय आहे, मला मान्य आहे, आणि तो मी करणार आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल दुसरी टोळी बघावी, दुनियेत टोळ्या कमी नाहीत. इम्तियाजचे तीन भाऊ कुवेतला असतात. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि सुपातल्या दुसऱ्या फोनकडे बोट करून म्हणाला, "ठीक आहे. पण या सुरेशला समजावा. पुढच्या वेळी जरा थांब म्हणावं."

"सांगतो की," भाऊ म्हणाले.

गणपतीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो आणि रोज झेरॉक्सचं गिऱ्हाईक येतं.

काल पुन्हा लढाई होती. भाऊंनी भावाला मागं ठेवलं, सुमनबायला अदबीनं सांगितलं, बारक्याला शिव्या घातल्या. मग सुरेशचा फोन हातात घेतला, शर्टाला पुसला आणि त्याला म्हणाले, "इम्तियाजभाय काय बोलला, ऐकलंस ना? थांब जरा." मी हातातलं झेरॉक्स सोडून बघत होतो. सुरेश थांबला नाही. एकटाच तटाला जाऊन भिडला आणि मिनिटभरात साफ झाला.

भाऊंनी फोन माझ्यासमोर धरला. चेहरा नुसता फुलला होता.

"बघ," ते म्हणाले, "अजून तस्साच हाय."